प्रोग्राम तोच, जॉब वेगळा

भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या सीएनसी लेथवर पहिल्या पाळीचे पहिले जॉब, म्हणजे कापून निघालेले भाग, मोजून बघावेत. प्रोग्राम कालचाच, टूल कालचंच, तरी व्यास काही मायक्रॉनने सरकलेला. रात्रभर बंद असलेलं मशीन गार असतं. चालू झालं की स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापतात, प्रसरण पावतात. जॉबही तापतो. एक मीटर पोलाद दर अंश सेल्सिअसला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब १० अंशांनी गरम असेल, तर गार झाल्यावर सुमारे १२ मायक्रॉन आटणार. बेअरिंग बसायच्या जागेला एवढा फरक पुष्कळ झाला.

नवखा पोरगा गरम जॉबलाच मायक्रोमीटर लावतो, माप जास्त दिसलं की तेवढा ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, कमी करतो, आणि पुढचे जॉब गार झाल्यावर बारीक निघतात. जाड जॉब पुन्हा कापता येतो. बारीक झालेला थेट भंगारात. जुना ऑपरेटर थांबतो, जॉब पुसतो, गार होऊ देतो. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, हेही त्याच्या हिशेबात असतं.

गंमत अशी, की कारागिराच्या हातावर अवलंबून राहायला नको, हीही या यंत्रांमागची एक इच्छा होती. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटीने १९५२मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक दुसरा मार्ग चाचपत होती: कुशल कारागिराने एकदा जॉब कापायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या. हा मार्ग मागे पडला. कारखान्याचा ताबा कामगाराकडून काढण्यासाठीच हे झालं, असं इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४मध्ये मांडलं. मला ते अर्धंच पटतं. विमानाचे गुंतागुंतीचे वक्र भाग हाताने कापणं मुळातच जिकिरीचं होतं.

आता मशीनला सेन्सर लागलेत. मशीन किती मिनिटं थांबलं, हे पडद्यावर दिसतं. का थांबलं, हे ऑपरेटरने यादीतून निवडायचं. त्या यादीवरून बोलणी बसत असतील, तर तो सगळ्यात निरुपद्रवी कारणावर बोट ठेवणार. काही ठिकाणी ऑफसेटचं पानही कुलूपबंद असतं. मग दोन मायक्रॉनसाठी मशीन लावून देणाऱ्या सेटरला हाक मारायची, तो येईपर्यंत मशीन उभं, आणि ती उभी मिनिटं ऑपरेटरच्या नावावर.