ऑक्सिजन संवेदक, मोटारगाडीतील

अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूत शिल्लक राहिलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण विद्युत् संकेताच्या रूपाने कळविणारी प्रयुक्ती. हिला लॅम्डा संवेदक असेही म्हणतात. पेट्रोल गाडीच्या दर्शक फलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, त्यामागे पुष्कळदा या संवेदकाचा संदेश असतो. मात्र संदेश देणारा भाग व बिघडलेला भाग एकच असतो असे नाही.

पेट्रोलाच्या १ भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. एथेनॉलमिश्रित पेट्रोलास याहून काहीशी कमी पुरते. हे प्रमाण नेमके राखले, तरच निष्कास नळातील त्रिमार्गी उत्प्रेरकी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींचे एकाच वेळी रूपांतर करू शकतो. संवेदकात यिट्रियमयुक्त झिर्कोनियम डाय-ऑक्साइडाची, एका टोकास बंद असलेली मृत्तिका-नळी असून तिच्या दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमाचा सच्छिद्र थर असतो. बाहेरच्या बाजूस निष्कास वायू व आतल्या बाजूस वातावरणातील हवा असते. सु. ३००° से. तापमानावर या मृत्तिकेतून ऑक्सिजनाचे आयन वाहू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनातील फरकामुळे विद्युत् दाब निर्माण होतो. याचे गणित व्हाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणावर आधारलेले आहे. मिश्रण समृद्ध (पेट्रोल अधिक) असता सु. ०·९ व्होल्ट व विरल असता सु. ०·१ व्होल्ट दाब मिळतो. त्यावरून एंजिनाचा संगणक पेट्रोल कमीअधिक सोडतो. एंजिन सुरू होताच संवेदक तापावा म्हणून त्यात लहानशी विद्युत् तापन तार बसवितात. विस्तृत पल्ल्याच्या नव्या संवेदकांना वरील व्होल्टांचे निकष लागू पडत नाहीत.

बॉश कंपनीचा हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्हो मोटारींत प्रथम वापरात आला. भारतात १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला व फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले. शिशाने संवेदक व परिवर्तक दोन्ही निकामी होत असल्याने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर दुचाकींतही पेट्रोलाचे अंतःक्षेपण व त्यासोबत हा संवेदक आला.

संगणक दोषाची नोंद संकेतांकाने करतो. ‘पी ०१३५’ हा संकेतांक तापन तारेच्या मंडलातील दोष दर्शवितो व ‘पी ०१३३’ संवेदकाचा मंद प्रतिसाद दर्शवितो. यांत संवेदकावर संशय घेणे रास्त आहे, तरीही वितळतार (फ्यूज) व तारा आधी तपासाव्या लागतात. ‘पी ०१७१’ (विरल मिश्रण) याची गोष्ट वेगळी. एंजिनाच्या शोषण नळीतून हवा शिरत असली, पेट्रोल पंपाचा दाब कमी असला किंवा संवेदकाच्या अलीकडे निष्कास नळास भेग पडून बाहेरची हवा आत ओढली जात असली, तरी हाच संकेतांक उमटतो. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरातून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, तेव्हाही संवेदक मिश्रण विरल असल्याचे सांगतो; त्याचे मोजमाप मात्र बरोबर असते. अशा वेळी नवा संवेदक बसविल्यास तोही तेच सांगतो व मालकाचा खर्च वाया जातो. शिवाय न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जळून तो अतितप्त होतो व संवेदकापेक्षा कितीतरी महाग असलेला हा भाग गमवावा लागतो.

रत्नागिरीसारख्या किनारी भागात निदानाची ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते. खारी, दमट हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे तारांच्या जोडावर हिरवट क्षार धरतो, निष्कास नळाचे जोड गंजतात आणि दोन्हींचे दोष संवेदकाच्या नावावर जमा होतात. तापलेल्या मृत्तिकेवर एकदम थंड पाणी आल्यास ती तडकते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनांत संवेदकाबरोबर त्याचा जोड व तारांची संपूर्ण जुडी तपासणे भाग असते. गंज टाळण्यासाठी जोडात ग्रीस भरण्याची सवय येथे अपायकारक ठरते, कारण अनेक संवेदकांना आतल्या बाजूची हवा तारांच्या आवरणातूनच मिळते. हा मार्ग बुजला, की मोजमाप चुकते.

तापन तार असलेला संवेदक सामान्यतः १ लाख ते १·६ लाख किमी. टिकतो. एंजिन ऑइल जळून होणारी राख, शीतक द्रव व सिलिकोनयुक्त लांबी (सीलंट) यांमुळे तो लवकर निकामी होतो. या कारणांचे निवारण न करता बदललेला संवेदकही फार काळ टिकत नाही. काढताना निष्कास नळ कोमट असावा; गंजलेले आटे थंडपणी जोर लावल्यास तुटतात. नव्या संवेदकाच्या आट्यांना लावावयाचे अडकरोधी वंगण टोकास लागू देत नाहीत. त्यानंतर यंत्राने संकेतांक पुसला, की दिवा विझतो. पण त्यामुळे संगणकाची केवळ स्मृती रिकामी होते. गाडी निरनिराळ्या वेगांनी काही अंतर चालविल्यावर तो सर्व तपासण्या पुन्हा करतो, आणि दोष राहिला असल्यास तोच संकेतांक परत येतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी होणारी चाचणी उभ्या गाडीच्या धुराची असल्याने, पिवळा दिवा लागलेली गाडीही तीत उत्तीर्ण होऊ शकते.