तिकिटावरचे सहा तास, शरीराचे साडेपंधरा

लेकीच्या बाळंतपणासाठी आई मुंबईहून न्यूयॉर्कला निघाली आहे, असे समजा. उन्हाळ्याचे दिवस. थेट विमान रात्री १ वाजता सुटते आणि त्याच दिवशी सकाळी ७ वाजता तिथे पोहोचते. तिकीट पाहून वाटते, सहाच तासांचा प्रवास! परतताना दुपारी १२ ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरते. म्हणजे २४ तास?

दोन्ही आकडे फसवे आहेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तो फरक धरला, तर जाताना साडेपंधरा आणि येताना साडेचौदा तास लागतात.

या दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मग येताना वेळ कमी का? पृथ्वी फिरते म्हणून, असे अनेकांना वाटते. पण पृथ्वीबरोबर वातावरणही फिरत असते. खरे कारण म्हणजे जेट स्ट्रीम, अर्थात साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

शरीराचा हिशेब मात्र बसून काढलेल्या तासांचा असतो. चालताना पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलतात. तासन् तास न हलता बसले, की हा पंप थंडावतो आणि शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका जवळपास दुप्पट होतो. निरोगी व्यक्तीत तो सहा हजारांत एक इतका कमी असतो. पण पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करुग्णांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विमानात जागे असताना दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले चाला. बसल्या जागी घोटे फिरवा, टाचा उचला. पुरेसे पाणी प्या, मद्य टाळा. झोपेची गोळी घेऊन एकाच स्थितीत पडून राहू नका. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन कोणत्या वेळी घ्यायचे, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. घड्याळ मागे गेले, तरी शरीराची वेळ लगेच बदलत नाही.

उतरल्यावरही सावध राहा. गुठळीची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा. ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांना सांगताना तिकिटावरचे सहा तास नव्हे, बसून काढलेले साडेपंधरा तास सांगा.