सावळ्या चेहऱ्याचा साधा मेकअप

मराठवाड्यातल्या वसमत तालुक्यातल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीत चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळला की तिच्यातलं कर्क्युमिन लाल होतं, आणि पारंपरिक कुंकू तयार होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव तर कुंकवासाठीच ओळखलं जातं. कपाळी कुंकू आणि डोळ्यांत काजळ हा आपल्याकडच्या बायांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजचा मेकअप. त्यात कातडीचा रंग जसा असेल तसाच राहतो, उठून दिसतात ते डोळे आणि कपाळ. रोजच्या वापराचा साधा मेकअप नव्यानं शिकणाऱ्या मुलीनं हेच सूत्र धरावं असं मला वाटतं. आपल्या रंगाशी जुळेल तेच चेहऱ्याला लावावं. मेकअप थापल्यासारखा दिसतो तो बहुतेक वेळा वस्तू जास्त झाल्या म्हणून नाही, रंग चुकला म्हणून.

याचं कारण फाउंडेशनच्या घडणीत आहे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग आणि लोहाच्या ऑक्साइडचे पिवळे, लाल, काळे रंग मिसळलेले असतात. फिकट छटेत पांढऱ्याचं प्रमाण जास्त असतं. ती सावळ्या त्वचेवर बसली की खालचा गडद रंग त्या थरातून डोकावतो आणि चेहरा राखाडी दिसतो, मान वेगळीच राहते. घाम आला की हा फरक आणखी उघडा पडतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम तर येणारच. यात दोष एकट्या घेणारीचा नाही. गडद छटा बाजारात उशिरा आल्या. २०१७ साली फेन्टी ब्यूटीनं एकदम चाळीस छटा आणल्या तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली, म्हणजे तोवर केवढी उणीव होती ते कळतं. छटा पाहायची ती मनगटावर किंवा तळहातावर नव्हे, जबड्याच्या कडेवर, आणि दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, बाहेर उजेडात. थोडा वेळ थांबून पुन्हा बघावं, कारण काही फाउंडेशनं हवा लागली की गडद होतात. जी छटा लावल्यावर शोधावी लागते, ती आपली.

अर्थात रोज फाउंडेशन लागतंच असं नाही. हळद काढण्याच्या, शिजवण्याच्या, वाळवण्याच्या दिवसांत भर उन्हात राबणाऱ्या बाईला आधी सनस्क्रीन हवं. वांगाचे डाग उन्हानं वाढतात, आणि सावळ्या त्वचेवर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही काळपटपणा येतो. तो प्रकाश साधं सनस्क्रीन फारसा अडवत नाही, लोहाचे ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन अडवतं. आपल्या छटेचं असं एक मिळालं तर उन्हापासून संरक्षण आणि हलका मेकअप दोन्ही एकाच ट्यूबमध्ये होतात. मग मॉइश्चरायझर, त्यावर हे सनस्क्रीन, फारच दिसणाऱ्या डागावर बोटानं टिपलेलं कन्सीलर, काजळाची एक रेघ आणि ओठांच्या मूळ रंगाहून किंचित गडद, विटकरी किंवा जांभळट लिपस्टिक. तीच बोटाला घेऊन गालावर पुसट लावली तर वेगळी लाली नको. पावडर नाकाकपाळापुरतीच.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. सावळ्या मुलीला पाहायला आलेली माणसं रंगावर बोलतात, तेव्हा रंग स्वीकारायचा उपदेश तिलाच का? आक्षेप रास्त आहे. रंगावरून माणूस तोलणाऱ्यांनी बदलायला हवं, आणि ते काम कुठल्याही मुलीच्या चेहऱ्याचं नाही. पण गोरेपणाच्या मागे लागण्याची किंमत मात्र तिलाच मोजावी लागते. केरळातल्या मलप्पुरममध्ये आणि आपल्या अकोल्यात त्वचा उजळवणाऱ्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचे आजार झाल्याची प्रकरणं २०२३ साली समोर आली. दोन्हीकडे संशय पाऱ्यावर होता. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होणं थांबवतो, म्हणून उजळ वाटतं, आणि तोच शरीरात शिरून मूत्रपिंड बिघडवतो. दुकानात मागितल्यावर सहज मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांनीही सुरुवातीला रंग उजळतो, पुढे कातडी पातळ होते, पुरळ येतं, चेहरा लाल होतो. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

दुसरं म्हणणं असं, की घरची हळद आणि बेसन असताना हे सगळं कशाला. घरगुती किंवा पारंपरिक म्हणून निर्धोक, हे गृहीत धरता येत नाही. बाजारच्या सुरम्यात शिसं सापडतं, कुंकवातल्या कृत्रिम रंगानं कपाळाला खाज सुटते, टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनानं तर काहींच्या कपाळावर पांढरा डाग उमटतो. म्हणून खाज सुटली की ती टिकली त्याच दिवशी बंद करावी, आणि झोपण्याआधी काजळ-टिकलीसह सगळं धुऊन काढावं. खर्चाचं म्हणाल तर रंगीत सनस्क्रीन, काजळ आणि एक लिपस्टिक एवढ्यावर भागतं. पैसे कमी असतील तर लिपस्टिक थांबू शकते, सनस्क्रीन आधी घ्यावं.