दुबळ्या कागदाची कामे

रांगोळीचे ठिपके सरळ ओळीत यावेत म्हणून घराघरात एक साधन असायचे, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नसे. कालच्या वर्तमानपत्राचे पान जमिनीवर पसरायचे, पट्टी-पेन्सिलीने त्यावर चौकडी आखायची आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे पेटती उदबत्ती टेकवायची. कागद भडकत नाही. कडा तपकिरी होते आणि बेताचे गोल भोक पडते. असे पान अंगणात ठेवून वरून रांगोळी पसरली, तळहात हलका फिरवला आणि कागद अलगद उचलला की १५ ठिपके, १५ ओळी जागच्या जागी. दाभणाने भोके पाडली तर हे जमत नाही. दाभण कागद नुसता बाजूला सारते, त्याचे तंतू पुन्हा भोकात येतात आणि रांगोळी अडते. उदबत्ती तेवढा कागद नाहीसाच करते. हा फरक कोणत्या बाईच्या पहिल्यांदा लक्षात आला याची नोंद कुठल्याही वर्तमानपत्रात नाही, जरी तो शोध त्यांच्याच पानांवर लागला असला तरी.

जाड कागदावर उदबत्ती वेळ खाते, गुळगुळीत कागदावर नुसता डाग पाडते. वर्तमानपत्राच्या कागदावर मात्र क्षणात काम होते. का, तर तो दुबळा आहे. घरात या कागदाचे जे जे म्हणून झाले, त्याच्या मुळाशी हा दुबळेपणाच आहे.

वर्तमानपत्रे पूर्वीपासून अशी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले, त्या काळी कागद प्रामुख्याने चिंध्यांपासून होई. कापसाचे, तागाचे लांब तंतू. म्हणून त्या काळची कागदपत्रे आजही हातात घेता येतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा अंक मात्र घडीवर तुटतो. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलरने आणि कॅनडात फेनर्टीने, एकमेकांचा पत्ता नसताना, लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला, रोजचे वर्तमानपत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पण घासलेल्या लाकडाचे तंतू आखूड असतात आणि लाकडातला लिग्निन त्यात तसाच राहतो. ऊन आणि हवा लागली की हा लिग्निन पिवळा पडतो, मग तपकिरी. शिवाय लिहायच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून जी खळ देतात, ती छपाईच्या या कागदाला जवळजवळ नसतेच. चौरस मीटरला ४२ ते ४९ ग्रॅम वजनाचा हा कागद म्हणूनच पाणी पितो, तेल पितो, चटकन विरघळतो आणि बोटांच्या जराशा दाबाने हवा तसा वळतो.

आपल्याकडे हा कागद बरीच वर्षे बाहेरून येई. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूरनंतर नेपानगर लागते, तिथल्या गिरणीत १९५५ साली देशातला पहिला वृत्तपत्री कागद निघू लागला. कच्चा माल म्हणजे भोवतालच्या जंगलातले सालई आणि बांबू. पुढे याच गिरणीने रद्दीपासून कागद करायला घेतला. तरी टंचाई हटली नाही. १९७२-७३ च्या सरकारी धोरणाने वर्तमानपत्रांना दहा पानांची मर्यादा घातली होती आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे टिकली नाही. आज ज्यांच्या दारात पुरवण्यांचे गठ्ठे पडतात त्यांना हे सांगून खरे वाटणार नाही, पण दहा पानांच्या काळात घरात रद्दी साठायलाच महिने लागत. तेव्हा वर्तमानपत्राचे पान फुकट जाऊ न देणे हा छंद नव्हता.

त्यात रद्दीला भाव होता. रद्दीवाला तागडी घेऊन दारात बसला की गृहिणी वजनाच्या काट्यावर नजर ठेवून उभी राही. घरातला प्रत्येक उपयोग या भावाशी स्पर्धा करायचा. फडताळात अंथरायला किती ठेवायची आणि विकायची किती, हा हिशेब पक्का असे. रद्दीवर जगणारी माणसे त्या दारापलीकडेही होती. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी संघटना बांधली तेव्हा तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ठेवले आणि कागदाला पहिले स्थान दिले. म्हणून ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाचे ब्रीद मला कधी पटले नाही. सुस्थितीतले वर्तमानपत्र टाकाऊ नव्हतेच, त्याला गिऱ्हाईक होते. खरे टाकाऊ ते, जे रद्दीवाला बाजूला काढी: भिजलेले, तेलकट झालेले, पोरांनी टराटरा फाडलेले, अर्धवट वह्यांची पाने, लग्नपत्रिकांचे तुकडे.

त्याचा लगदा होई.

लगद्याच्या टोपल्या करण्याचे काम मार्च ते मे या महिन्यांत चाले, कारण त्याला कडक ऊन लागते. कागदाचे कपटे मोठ्या भांड्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी बदलायचे. कागद मऊ झाला की पिळून उखळात किंवा पाट्यावर घ्यायचा. रात्रभर भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात घालायच्या. मेथ्या का, तर दोन कारणे सांगत. एक म्हणजे कडवटपणामुळे कीड लागत नाही. दुसरे, चिकटपणा. मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंकासारखा पदार्थ भरपूर असतो आणि आज अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत तो दाटपणा आणण्यासाठी वापरला जातो. आखूड तंतूंचा कागद एरवी वाळल्यावर भुसभुशीत राहील, मेथी त्याला धरून ठेवते. इथे कागदाचा दुबळेपणा पुन्हा कामी येतो. लांब तंतूंचा, खळ दिलेला खाकी कागद कुटता कुटता हात भरून येतात. वर्तमानपत्राचा लगदा मात्र लवकर एकजीव होतो.

मग पातेले किंवा घमेले पालथे घालायचे, त्यावर ओले फडके किंवा राख, म्हणजे वाळल्यावर टोपली सुटून येते. लगद्याचे गोळे थापत थापत सगळीकडे सारखी जाडी आणणे ही खरी कसोटी. एका जागी पातळ झाले तर तिथूनच तडा जातो. पहिला दिवस सावलीत, पुढचे उन्हात. घाईने थेट उन्हात ठेवलेली टोपली वरून कडक, आतून ओली राहते आणि पिळवटते. वाळली की आतून-बाहेरून मेथीचेच पाणी किंवा पातळ खळ, वर गेरू, कधी हळद. कडधान्य, लसूण, वाळवणे, सुकी फुले, शिवणाचे सामान, काहीही ठेवावे; फक्त पाणी नको. बांबूचे सूप जुने होऊन फटी पडल्या की त्यालाही हाच लेप देत. सूप लिंपणे हे वर्षाकाठचे ठरलेले काम होते आणि लिंपलेल्या सुपातून राजगिऱ्यासारखे बारीक धान्यही गळत नसे.

काश्मीरमध्ये याच कृतीची कला झाली. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीनच्या काळात मध्य आशियातले कारागीर तिथे आले, असे परंपरा सांगते. तिथे कामाचे दोन भाग पडतात. भिजवलेला कागद कुटून, तांदळाची खळ घालून साच्यावर वस्तू घडवणे ही सख्तसाजी आणि तिच्यावर नक्षी रंगवणे ही नक्काशी. नाव आणि दाम बहुधा नक्काशाला. लगद्यात किडीसाठी मोरचूद घालतात. आपल्याकडचे बुकबाइंडरही खळीत तेच घालत आले. मोरचूद विषारी आहे, म्हणून धान्याच्या टोपलीत मेथ्याच बऱ्या. महाराष्ट्रात या टोपल्यांना नक्काश मिळाला नाही, त्या कधी बाजारातही फारशा आल्या नाहीत. घरासाठी केल्या, शेजारी दिल्या, फुटल्यावर पुन्हा भिजवल्या. फुटलेली टोपली नव्या लगद्यात जाई, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

आता शिवणाच्या क्लासकडे वळू. गावोगावच्या शिवणवर्गात शिकायला आलेल्या बाईला पहिले काही आठवडे कापडाला हात लावू देत नाहीत. आधी पेपर कटिंग. छाती भागिले चार, मुंढा, गळ्याची खोली, टक्स, शिवणीची माया, सगळे वर्तमानपत्रावर आखायचे, कापायचे, टाचण्यांनी जोडून पाहायचे. चुकले तर उद्याचे पान आहेच. जमलेला मापाचा कागद खिळ्याला अडकवला की पुढच्या वर्षीच्या ब्लाउजला तोच. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो तसा कागदालाही असतो, हे इथे बायकांना आपोआप कळते. यंत्रावर कागद धावतो त्या दिशेने त्याचे बहुतेक तंतू निजतात. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्रात ही दिशा मजकुराच्या रकान्यांबरोबर वरून खाली असते. वरून खाली फाडून पाहा, पट्टी लावल्यासारखे सरळ फाटेल. आडवे फाडा, वेडेवाकडे जाईल. पट्ट्या हव्या असतील तर कात्रीचीही गरज नाही.

कागदी नळ्यांच्या परड्या विणणाऱ्यांना ही दिशा कळली पाहिजे. सध्या शहरांत या परड्यांची हौस मोठी आहे. पानाच्या उभ्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी विणायच्या सुईवर तिरपी गुंडाळायची, टोकाला खळीचे बोट. तिरपी गुंडाळल्याने नळीचे एक टोक जरा जाड येते आणि दुसऱ्या नळीचे बारीक टोक त्यात सरकवून हवी तेवढी लांबी वाढवता येते. विणण्याआधी नळ्यांवर पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात ठेवल्या की त्या वळताना मोडत नाहीत. बुरुडकामाचीच ही वीण, बांबूच्या जागी बातम्या. पण परडी तयार झाली की हौशी मंडळी तिला पांढऱ्या डिंकाचे दोन हात आणि ऑइलपेंटचा चकचकीत थर देतात. हा पांढरा डिंक म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच. रंगवलेली ती परडी ना रद्दीवाला घेतो, ना ती पुन्हा भिजते, ना मातीत जिरते. दिसायला ती लगद्याच्या टोपलीपेक्षा कितीतरी देखणी असते, हे मान्य. मला तरी खळ आणि मेथीच बरी वाटते.

हौसेची परिसीमा मात्र अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्ट गावी एलिस स्टेनमन नावाच्या यांत्रिक अभियंत्याने १९२२ मध्ये उन्हाळ्यात राहायला घर बांधले. सांगाडा लाकडाचा, भिंतींना वर्तमानपत्रांचे एकावर एक २१५ थर. कागद होता थंडी-वारा अडवण्यासाठी, वरून फळ्या ठोकायच्या होत्या. पण कागद बाहेरच्या हवेत कसा टिकतो याची त्याला उत्सुकता लागली आणि फळ्या राहूनच गेल्या. खळ तो घरीच करी, पीठ आणि पाण्यात सफरचंदाची साले घालून, वर व्हार्निश. मग तो सामानाकडे वळला. वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्यांच्या खुर्च्या, टेबले, दिवे. एका मेजासाठी त्याने लिंडबर्गच्या अटलांटिक उड्डाणाच्या बातम्यांचेच अंक वापरले आणि घड्याळाच्या कपाटासाठी तेव्हाच्या ४८ राज्यांच्या राजधान्यांतले. घर आजही उभे आहे. भिंतीचा वरचा थर सुटू लागला की खालच्या थरावरची बातमी वाचता येते. व्हार्निशच्या बाबतीत मी इथे स्टेनमनला माफ करतो. त्याला ते घर पुन्हा भिजवायचे नव्हते.

आपल्याकडे कागदाच्या लगद्याला घरगुती कामातून सार्वजनिक वादात ओढले ते गणपतीने. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही म्हणून २०११ मध्ये राज्य सरकारने लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन देणारा निर्णय काढला. मग लगदाही पाण्याला अपाय करतो अशी तक्रार झाली आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. तक्रारीत तथ्य आहे. बारीक तंतू पाण्यात तरंगत राहतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतात आणि छपाईची शाईही सोबत जाते. तळ्यात हजारो मूर्तींचा लगदा ही एक गोष्ट, घरच्या बादलीत विसर्जन करून तोच लगदा गाळून घेणे ही दुसरी. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांसाठी पुठ्ठा आणि कागद परतला आहे, तिथे मात्र हा वाद नाही.

शाईचा विषय निघालाच आहे तर पुडीबद्दल बोलले पाहिजे. वाण्याची सुतळीने बांधलेली पुडी, भेळेचा पुडा, शेंगदाण्यांचा शंकू, हे सगळे वर्तमानपत्राचे सर्वांत जुने आणि सर्वांत लाडके उपयोग. तेच सोडायला हवेत. वर्तमानपत्राची शाई रंगासारखी वाळत नाही; तिच्यातले तेल कागद शोषून घेतो आणि रंगद्रव्य वर बसून राहते, म्हणून सकाळी बोटे काळी होतात. गरम भज्यांचे तेल तीच शाई पुन्हा सैल करते. कागदाचा सच्छिद्र, पिणारा स्वभाव जो लगद्याला आणि खळीला उपयोगी पडला, तोच इथे घात करतो. शिशासारखे जड धातू शाईत असू शकतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला, ठेवायला मनाई आहे; सप्टेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने विक्रेत्यांना आणि ग्राहकांना पुन्हा बजावले. तळण टिपायला पेपर अंथरणेही यातच आले. या दिवाळीत चकलीखाली तो नको.

तुमच्या हातातला हा दिवाळी अंकही रद्दीत गेल्यावर फारसा कामाचा नाही. ‘मनोरंजन’च्या काशिनाथ मित्रांनी १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मुखपृष्ठावरची चमक वाढतच गेली, आणि चमकदार कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो धड भिजत नाही, खळ धरत नाही. आतली पाने चालतील.

भेळेच्या पुड्याची घडी ज्याच्या हातात बसली आहे त्याने ती गच्चीवरच्या बागेकडे वळवावी. वर्तमानपत्राचा दुहेरी पट्टा ग्लासाभोवती गुंडाळून खालचा भाग आत दुमडला, ग्लास काढून घेतला की टोमॅटो-वांग्याच्या रोपासाठी कुंडी तयार. खळ लागत नाही, मातीचा दाब घडी धरून ठेवतो. काळ्या-पांढऱ्या पानांचीच करावी, जाहिरातींच्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत. तीन-चार आठवड्यांनी रोप कुंडीसकट जमिनीत लावायचे, मुळे ओला कागद सहज भेदतात. काळजी एकच: कागदाचा काठ मातीवर उघडा राहिला तर तो वातीसारखा ओल वर ओढतो आणि मुळांशी कोरड पडते. काठ पूर्ण गाडावा, किंवा लावण्याआधी फाडून टाकावा.