आधी गुरुजींच्या हाती कानस

केंद्र सरकारने २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन उभारले आणि शाळाशाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ या नावाच्या कार्यशाळा निघू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या अशा एकेका कार्यशाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या अर्थसंकल्पात तर पाच वर्षांत सरकारी शाळांतून ५० हजार कार्यशाळा काढण्याचा संकल्प सोडण्यात आला. दादरा-नगर हवेलीतील सुरंगीसारख्या गावांच्या वाट्यालाही या संकल्पातले काही यावे, अशीच आमची इच्छा आहे. परंतु हारतुऱ्यांच्या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जाऊ नये. ज्या शिक्षकाच्या हाती या कार्यशाळेची किल्ली द्यावयाची, त्याच्या हाती आजवर कोणी कधी कानस तरी दिली आहे काय?

हाताने शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी ती मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. टकळीवरचे सूत हे गणिताचे, भूगोलाचे व इतिहासाचे प्रवेशद्वार व्हावे, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सूत निघाले, गणित मात्र पुस्तकातच राहिले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. त्याचे आपल्या शाळांत काय झाले हे वाचकांस ठाऊकच आहे. कागदी फुले आणि मेणबत्त्या करावयाच्या, त्याही पुष्कळदा आईने करून द्यावयाच्या, आणि गुरुजींनी गुण मांडावयाचे!

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. ते आम्हांस मान्य नाही. अध्यापक विद्यालयात ज्याला टाचण काढावयास शिकविले, फळ्यावरचे अक्षर वळणदार करावयास शिकविले, पण रंधा कसा धरावा हे कोणी दाखविले नाही, तो मुलांना काय दाखविणार? त्यातून प्रत्येक यंत्राची नोंद डेडस्टॉकच्या वहीत. मोडले तर जाब त्याला. मग शहाणा मनुष्य करतो तेच तो करतो: कपाटाला कुलूप घालतो आणि तपासणीच्या दिवशी उघडतो.

ही कोंडी फोडण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच दाखविला आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेतील प्रतिष्ठेची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तेथे बेतलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातील एक दिवस वर्ग सोडून कामाला जावयाचे. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणी असे सारे त्यात येते. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्यास मान्यता दिली. त्यातले मर्म दोन गोष्टींत आहे. मुले खेळण्यातले काम करीत नाहीत. गावातल्या कोणाला खरोखर हवे असलेले बाक, ओटे, रोपे तयार करतात. आणि शिकविणारा पुष्कळदा गावातलाच कसबी माणूस असतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ साली पाबळला फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अशा पहिल्या काही प्रयोगशाळांत तिची गणना होते. ती तेथे रुजली, कारण अगोदर वीस वर्षे तेथील हातांना हत्यारांची सवय झाली होती.

दुसरे उदाहरण तर हवेलीच्या सीमेपलीकडचे, पालघर जिल्ह्यातील कोसबाडचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथील वारली मुलांसाठी शाळा मांडली ती शिंपले, बिया, खडे, पाने यांच्यावर. आणि त्याबरोबरच शिकविणाऱ्यांना घडविण्याचे कामही अंगावर घेतले. साहित्य फुकटचे होते. शिक्षक घडविणे मात्र फुकटात होत नाही, हे त्या दोघी जाणून होत्या.

नगर हवेलीच्या परिसरात कसबी हातांचा तोटा नाही. वारली घराच्या कारवीच्या कुडाकडे किंवा तारप्याकडे पाहावे. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा. फुंकलेली हवा भोपळ्यात साठते आणि छिद्रे झाकता-उघडताना नळीतील हवेच्या स्तंभाची लांबी बदलून स्वर बदलतो. ध्वनीचा आख्खा धडा त्यात आहे. तो तारपा करणारा वृद्ध शाळेच्या अंगणात केवळ स्नेहसंमेलनाला बोलावला जातो, विज्ञानाच्या तासाला नाही.

मात्र येथे एक धोका आहे आणि तो स्पष्टपणे सांगितलाच पाहिजे. शहरातील मुलाला रोबो आणि आदिवासी मुलाला टोपली, अशी वाटणी होता कामा नये. हातकाम म्हणजे गरिबांच्या पोरांचे शिक्षण, हा समज नयी तालीमला भोवलाच होता. सिल्वासाच्या आसमंतात प्लॅस्टिकचे व कृत्रिम धाग्याचे कारखाने उभे आहेत. त्यांना स्वस्त मजूर पुरविण्यासाठी शाळेत पाना-पक्कड आणावयाची असेल तर ती न आणलेली बरी. यंत्र चालविणाऱ्या मुलाला ते का चालते हेही कळले पाहिजे, आणि तारप्याशेजारी संवेदक मांडून स्वराची कंपने मोजण्याचा हक्क सुरंगीच्या मुलीला मुंबईच्या मुलीइतकाच आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे, असेही त्यात आहे. आमची सूचना साधी आहे. मुलांच्या आधी ते दहा दिवस शिक्षकांना द्यावेत. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून आणि चहा-बिस्किटे वाटून नव्हे. सुताराच्या पडवीत, वेल्डरच्या टपरीवर, आणि त्या कारागिरांना तज्ज्ञ व्याख्यात्याइतकेच मानधन देऊन. त्याच आदेशात आणखी एक ओळ घालावी: शिकताना-शिकविताना मोडलेल्या हत्याराची वसुली शिक्षकाकडून होणार नाही. वीस लाखांच्या मंजुरीबरोबर एवढी एक ओळ लिहावयास प्रशासनाला एक पैसाही लागणार नाही.