सारथि आणि रथी

साठी उलटलेल्या गृहस्थानें मोटारसायकल चालवावी आणि पत्नीनें मागच्या आसनावर बसावें, हा आपल्या घरांतून अद्यापि कधीं थट्टेचा, कधीं काळजीचा विषय होतो. मुलें रिक्षा करावयास सांगतात. सुना कांहीं बोलत नाहींत, पण दोघें परत येईपर्यंत दाराकडे पाहत राहतात. या काळजींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मंडई, देऊळ किंवा आप्तेष्टांचें घर येथें कोणाच्या सवडीची वाट न पाहतां दोघांस मिळून जातां येणें, हें उतारवयांतील स्वातंत्र्य कांहीं थोडेंथोडकें नव्हे. तें राखावें कीं सोडावें, हें विचारानेंच ठरलें पाहिजे.

कायद्यानें साठीच्या माणसास मज्जाव केलेला नाहीं. मात्र २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें वयाच्या ५५ वर्षांनंतर मिळणारा परवाना ५ वर्षांपुरताच असतो, व नूतनीकरणाच्या वेळीं डॉक्टरांचा दाखला लागतो. मागें एकानेंच बसावें आणि दोघांच्याहि मस्तकीं प्रमाणित हेल्मेट असावें, हा १९८८ च्या मूळ कायद्याचाच दंडक होय. पुढें १९८९ च्या नियमांनीं मागच्या व्यक्तीस धरावयास मूठ, पाय टेकावयास आधार, आणि वस्त्र अडकूं नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण आवश्यक केलें. साडी नेसणाऱ्या देशांत या शेवटच्या नियमाचें मोल सांगावयास नको.

मागें माणूस बसलें कीं गाडीचा स्वभावच पालटतो. भार मागें सरकतो, पुढचें चाक हलकें होतें, दिव्याचा झोत वर उचलला जातो, आणि थांबावयास अधिक अंतर लागतें. म्हणून मागच्या टायरमध्यें दोघांच्या बैठकीसाठीं सांगितलेली हवा भरावी. एका अंगास पाय सोडून बसण्याची रीत सभ्य खरी, पण तीमुळें तोल एका बाजूस जातो आणि एकाएकीं ब्रेक लागल्यास आधार उरत नाहीं. काष्ट्याच्या नऊवारींत दोहों बाजूंस पाय टाकून बसणें अवघड नव्हे. पांचवारीनें घालविलेली ही सोय सलवार-कमीजनें परत दिली आहे.

वयाचा विचार तर याहून मोठा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचीं हाडें ठिसूळ होत जातात. तरुणीस जेथें खरचटावें, तेथें वृद्धेचा खुबा मोडूं शकतो. चालविणाराची दृष्टि व चपळताहि उणावते. यास्तव रात्रीचा प्रवास आणि पहिल्या पावसांतील निसरडा रस्ता वर्ज्य मानावा.

महाभारतांतील रथावर घोडे हांकणारा सारथि निराळा, आणि ज्याच्या इच्छेनें रथ चालावयाचा तो रथी निराळा. कुरुक्षेत्रावर प्रत्यक्ष श्रीकृष्णानें अर्जुनाच्या सांगण्यावरूनच रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यें उभा केला. मोटारसायकलवरील पतीनेंहि आपणांस सारथिच समजावें. हातांत दांडा असला तरी मागच्या जिवास पुढचा रस्ता नीट दिसत नाहीं, ब्रेक त्याच्या पायाशीं नाहीं. ती केवळ विश्वासावर बसलेली असते. आमच्या घरीं यास्तव एक संकेत ठरला आहे: खांद्यावर एक थाप म्हणजे वेग कमी करावा, दोन थापा म्हणजे थांबावें. कारण विचारावयाचें तें थांबल्यावर.

गाडी कायमची केव्हां सोडावी, या प्रश्नाचें उत्तरहि यांतच आहे. डॉक्टरांनीं नको म्हटल्यास वाद नाहींच. पण तत्पूर्वीं सहधर्मचारिणीनें "आतां पुरे" म्हटलें, तर सारथ्यानें किल्ली मुकाट्यानें खुंटीस लावावी. मुलासुनांनींहि तोंवर धीर धरावा, आणि निघतांना हेल्मेटचे पट्टे नीट बांधले आहेत ना, एवढें मात्र पाहावें.