घर आणि अग्नी : लेखांक चौथा
जिन्यातून चढणारा धूर

मागील लेखांकात विजेच्या जुन्या तारांचा आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी हौसेने बांधल्या जाणाऱ्या जाड तारेचा विचार आपण केला. आग कशी लागते हा तेथील प्रश्न होता. लागलेली आग घरातील माणसाचा प्राण कसा घेते, हा आजचा आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असावे असे वाटते खरे. पण छावणीतील एका घटनेने हा समज पार मोडून काढला आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली. रमजानचा महिना चालू होता आणि सहरीची वेळ जवळ येत होती. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील दोन पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन मुले, अशी सात माणसे त्या पहाटे मरण पावली. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या चार्जिंगविषयी त्या वेळी संशय व्यक्त झाला. परंतु या घटनेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पोलीस आयुक्तांच्या निवेदनात होती : आग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि मृत्यू गुदमरून झाले असावेत, असा त्यांचा प्राथमिक निष्कर्ष होता. ज्वाळा खाली राहिल्या. वर गेला तो धूर.

धुराची ही गती समजून घेतली पाहिजे. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ गेलेला, वर दार बंद असलेला अरुंद जिना त्याला आयतेच धुराडे होऊन मिळतो. कापड, फोम आणि प्लॅस्टिक धुमसू लागले की त्यांतून इतर विषांबरोबर कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जडतो. त्यातच झोपेत नाक जागे नसते. धुराच्या वासाने जाग येईल, या भरवशावर आपण सारे निजतो. प्रत्यक्षात त्या धुराने झोप अधिकच गाढ होते, आणि जाग आलीच तर पायांत उभे राहण्याचे त्राण नसते.

आपल्या पूर्वजांच्या घरांत धुराला हक्काची वाट होती. मराठवाड्यातील माळवदाच्या घराला उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात साणे ठेवीत, आणि वाड्याचा मधला चौक तर आभाळालाच उघडा असे. लष्करी छावण्यांच्या आश्रयाने वाढलेल्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हा रिवाज पूर्वापार चालत आला. पुढे जागेची टंचाई झाली, मजल्यावर मजले चढले, चौक बुजला, चोरांच्या भयाने खिडक्यांना लोखंडी जाळ्या लागल्या, आणि घरात येण्याजाण्यास एकच जिना उरला, तोही दुकानाच्या कुशीतून निघणारा. चोराचा बंदोबस्त करताना आपण धुराला कोंडले, आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही.

ती बातमी वाचल्यानंतर एका रात्री मी घरातील दिवे मालवले, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून शयनगृहापासून रस्त्यापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. सातव्या पायरीवर रिकाम्या सिलिंडरला गुडघा आपटला. त्याखाली चपलांचे कपाट आणि मागील वर्षीच्या गणपतीचे थर्माकोलचे मखर होते. मागे फिरून गच्ची गाठली, तर तिच्या दाराला कुलूप. आणि किल्ली कोणत्या डब्यात आहे याविषयी घरात तीन जणांची तीन मते! आग लागली असती, तर या वादाचा निकाल लागेपर्यंत धूर थांबला नसता.

यावरची तजवीज खर्चाची नाही. जिना ही कोठीची खोली नव्हे, हे घरातील सर्वांनी एकदा मान्य करावे. विजेची दुचाकी अथवा तिची बॅटरी जिन्याखाली, दाराच्या तोंडाशी किंवा रात्री सारे झोपले असताना चार्जिंगला लावू नये. लिथियमच्या बॅटरीतील एक घट बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटास पेटविते, आणि ही मालिका काही क्षणांत हाताबाहेर जाते. गच्चीची किल्ली दाराजवळच खिळ्याला टांगलेली असावी, आणि खिडकीच्या एका तरी जाळीला आतून उघडणारी झडप असावी. जिन्याच्या माथ्यावर धूर ओळखून कर्कश वाजणारे बॅटरीचे छोटे यंत्र बसवावे. झोपलेल्या नाकाचे काम ते करते. खाली दुकान असल्यास तेथेही ते बसवून त्याचा आवाज वर ऐकू येईल अशी जोडणी करावी.

आणि एवढे करूनही प्रसंग ओढवलाच तर? जिन्यात धूर विरळ असेल, तर जमिनीलगत, जेथे हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते, तेथून रांगत बाहेर पडावे. जिना धुराने भरला असेल, तर त्यात शिरण्याचे धाडस करू नये. दार लावून घ्यावे, फटीत ओली चादर कोंबावी, रस्त्याकडील खिडकी गाठून हाका माराव्या आणि १०१ किंवा ११२ वर पत्ता खुणेसह सांगावा. बंद दार धुराला काही मिनिटे थोपवते, आणि त्या मिनिटांचेच मोल असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आपल्याकडे म्हण आहे. पण बंब शेजारच्या गल्लीत उभा असला, तरी पहिली पाच मिनिटे घरातल्यांनाच निभवावी लागतात.

आमच्या जिन्यातील सिलिंडर आता हलला आहे, मखर भंगारवाल्याकडे गेले आहे, आणि किल्ली खिळ्यावर आहे. परवा रात्री पुन्हा डोळे मिटून उतरलो, तेव्हा पायऱ्या मोजल्या : एकोणीस. इतकी वर्षे चढउतर करूनही हा आकडा मला ठाऊक नव्हता.

(पुढील लेखांकात : स्वयंपाकघर आणि गॅसची गळती.)